पाच निघाल्या, मी राहिले

मी एक जुनी चावी आहे. कुलपाची नव्हे हं, इलेक्ट्रिक गिटारची. गिटारच्या डोक्यावर अशा सहा चाव्या असतात, एकेका तारेला एकेक. चावी पिळली की तार ताणते आणि सूर चढतो, सैल केली की उतरतो. मी तिसऱ्या तारेची. दिसायला काही खास नाही. पितळेचं एक दातेरी चाक आणि पिळायला प्लॅस्टिकची पिवळी पडलेली मूठ. मित्रांनो, मी सध्या अशी अडकून बसले आहे की मला उपटायचं म्हटलं तर गिटारचं लाकूडच फुटेल. हे कसं झालं ते सांगते. मधेच माझा पारा चढला तर तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही सहा बहिणी एकाच साच्यातल्या. गिटार एका दुकानात धूळ खात पडली होती, तिथून जयवंतने ती घाटकोपरला आपल्या डोंगरावरच्या घरी आणली. जयवंत दिवसा रिक्षाचे मीटर दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी धोंडिरामदादांच्या गायन पार्टीत वाजवायचा. पार्टी भीमगीतांची. जयंतीच्या महिन्यात आज या चौकात स्टेज, उद्या त्या मैदानात, घरी पाठ टेकायला फुरसत नाही. काय हात चालायचा त्याचा! त्याची बायको रत्नप्रभा स्टेजच्या बाजूला बसून टाळ्या वाजवायची, छोटी दीप्ती तिच्या मांडीवर झोपून जायची. कार्यक्रम संपला की जयवंत जुन्या बनियनच्या फडक्याने आम्हाला एकेक करून पुसायचा. तेव्हाचा आमचा तोरा काय वर्णावा!

मग गिटार बेसूर व्हायला लागली. जयवंत सूर नीट लावायचा, पण गाण्यात एकदा तार ओढली की ती उतरायची. सगळ्यात जास्त माझीच. झालं! संशय माझ्यावर. "ही चावीच ढिली पडलीय," असं म्हणून त्याने माझा स्क्रू आवळला. तरी सूर उतरलाच. मग त्याने मीटरच्या पेटीतला झटपट चिकटणारा गोंद काढला, स्क्रूच्या भोकात थेंब सोडला आणि पुन्हा आवळला. त्या दिवशी मी जी लाकडाला जखडले ती जखडलेच.

आणि मित्रांनो, माझा काडीचाही दोष नव्हता! गिटारच्या मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते. तिच्या खाचांतून तारा आमच्याकडे येतात. घाम, धूळ आणि गंज साठून त्या खाचा घट्ट झाल्या होत्या. तार ओढली की खाचेतून पुढे सरकायची आणि परत येताना तिथेच अडकायची. मग सूर उतरणार नाही तर काय होणार? मला सगळं कळत होतं. पण चावीला तोंड कुठे असतं? माझ्यापासून बोटभर अंतरावरची ती पट्टी, तिच्याकडे कोणी वाकून बघेल तर शपथ.

शेवटी व्हायचं ते झालं. भर जयंतीत, चौक माणसांनी फुललेला, दादांनी गाणं उंच उचललं आणि नेमकी माझी तार उतरली. दादांनी मान वळवून विचारलं, "जयवंता, कान कुठं ठेवून आलास रे?" माईक त्यांच्या तोंडासमोरच होता. अख्खा चौक हसला. रत्नप्रभा हसली नाही. जयवंतने कार्यक्रम कसाबसा संपवला, घरी येऊन गिटार खोळीत घातली आणि माळ्यावर सरकवली. "माझा कानच गेला," असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं.

खोळीतला अंधार कसा असतो ते मला विचारा. तारा गंजल्या, आमची चाकं आखडली. माळ्याखालून घरातलं सगळं ऐकू यायचं, फक्त जयवंतचं गुणगुणणं ऐकू येत नव्हतं. पूर्वी हा माणूस डाळीला फोडणी देतानासुद्धा गायचा. आता शेजारी पाळण्याची गाणी झाली तरी हा दाराआड बसायचा. मी वर कोंडलेली, तो खाली. जीव नुसता घुसमटायचा माझा.

दीप्ती मोठी झाली, नोकरीला लागली आणि दादांच्याच पार्टीत गायला लागली. यंदा पार्टीचा गिटारवाला दुबईला गेला. दीप्ती दादांना म्हणाली, "पप्पांना घ्या ना." दादा म्हणाले, "येऊ दे की! पण सुरात पाहिजे हां. रविवारी तालमीला आण."

पोरीने गिटार खाली काढली, नव्या तारा आणल्या आणि तार आवळून धरणाऱ्या नव्या चाव्यांचा संचही मागवला.

जयवंत म्हणाला, "चाव्या बदलून कान बदलतो काय गं?"

"तुम्ही फक्त पेचकस द्या," दीप्ती म्हणाली.

माझ्या पाच बहिणी भराभर निघाल्या. माझी पाळी आली आणि स्क्रू जागचा हलेना. दीप्तीने जोर लावला तशी स्क्रूच्या डोक्यावरची चीर झिजून गुळगुळीत झाली. जयवंत ओरडला, "सोड, सोड! लाकडाची वाट लागेल!" मग पाच चकचकीत नव्या चाव्या बसल्या आणि त्यांच्या मधे मी एकटी, जुनी. बहिणींना कागदात गुंडाळून भंगारवाल्याकडे दिलं. निर्दोष होत्या हो बिचाऱ्या! मला तर रडूही येत नाही.

जयवंतने बिचकतच गिटार मांडीवर घेतली. सूर लावले. दुसरी तार ओढली, जिला कोरी करकरीत चावी होती, आणि त्याचा चेहरा पडला.

"उतरली," तो म्हणाला. "बघ, चावी नवी तरी उतरली. म्हणजे माझा कानच. ठेव ती वर, दादांना नाही म्हणून सांग."

रत्नप्रभा भाजी निवडायची थांबली. दीप्तीने मोबाईल गिटारला लावला. त्यात सूर मोजायचं काहीतरी असतं. बघून म्हणाली, "पप्पा, मोबाईलपण उतरली म्हणतोय."

"मग? मी काय वेगळं सांगतोय?"

"अहो, मोबाईल बघायच्या आधी तुम्हाला कळलं! कान गेलेल्या माणसाला कळतं का हे?"

मग त्याने एकेक तार ओढायची आणि आधी स्वतः सांगायचं, दीप्तीने मोबाईल बघायचा, असं चाललं. एकदाही तो चुकला नाही. शेवटी तो मीटरचा कारागीर. कान बरोबर असेल तर बिघाड दुसरीकडे आहे, एवढं त्याला कळलं. त्याने गिटारच्या डोक्याजवळ कान नेला, माझी मूठ हळू पिळली. पट्टीच्या खाचेतून बारीक आवाज आला, टिक!

"हिच्या मारी," जयवंत म्हणाला. "इथं अडकतेय!"

त्याने सुईने खाचा कोरल्या. त्यातून काळा मळ निघाला. मग पेन्सिलीचं शिसं घासून खाचा गुळगुळीत केल्या. तारा पुन्हा चढवल्या, माझी तार जोरात ओढून सोडली. सूर जागच्या जागी आला. जयवंत हसला नाही. त्याने गिटार पोटाशी धरली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. रत्नप्रभा म्हणाली, "अहो, मला माहीत होतं तुमचा कान शाबूत आहे. पण तुम्ही ऐकून कुठं घेता?"

रविवारी तालमीत जयवंतने असं वाजवलं की ढोलकीवाला खूश होऊन मान डोलवायला लागला. गाणं संपल्यावर दादा म्हणाले, "झकास! नव्या चाव्यांनी कमाल केली रे."

"चाव्यांनी नाही, दादा," जयवंत म्हणाला. "माझा कान तेव्हाही बरोबर होता. तार खाचेत अडकत होती. तुम्ही भर चौकात बोललात ना, कान कुठं ठेवून आलास, त्या दिवशीसुद्धा."

दादांनी वळून विचारलं, "मी? असं बोललो? कधी रे?"

खरंच त्यांना आठवत नव्हतं. जयवंतने वाकून माझी मूठ जराशी पिळली. मग म्हणाला, "जाऊ द्या. पुढचं गाणं कुठल्या पट्टीत घ्यायचं?" आणि दीप्तीने सुरुवात केली.

मी अजून इथेच आहे, गोंदात रुतलेली. पाच नव्याजणींशी माझं फारसं पटत नाही, आणि सुटका होईल असं दिसतही नाही. मित्रांनो, तुमच्या वाद्यांच्या खाचा वेळच्या वेळी पुसत जा. आणि कुणाला चारचौघांत "तुला जमत नाही" म्हणायची हुक्की आली, तर आधी वाकून नीट बघा. तुम्ही बोलून घरी जाल, जेवाल, विसरून जाल. तो माणूस मात्र घरात गायचा थांबेल.