बारतोंडीची मुळी

मोताळ्यात बारतोंडीच्या मुळीनं लुगडी रंगवणारी शेवटची बाई म्हणजे इमामबी. पावडरीचे रंग बाजारात आले, तेव्हापासून तिच्याकडे गिऱ्हाईक फारसं फिरकत नव्हतं. एक वच्छलाबाई मात्र लग्न होऊन गावात आली तेव्हापासून तिच्याच हातचं लाल लुगडं नेसत आली होती.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या चौथ्या वर्षी, माघात, वच्छलाबाईचे यजमान नारायणराव इमामबीच्या ओट्यावर येऊन बसले.

"भाभी, डॉक्टरनं हात टेकले. पंधरा दिवस म्हणते. तिले जाताना तुमच्या हातचं लुगडं पाह्यजे."

"देईन ना, भाऊ," इमामबी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती डोंगरावर गेली. ठेकेदारानं कोळशासाठी सगळा उतार साफ केला होता. ओढ्याकाठी बारतोंडीचं एकच झाड उरलं होतं. तिचा नवरा अब्दुल गनी हयात असताना त्यानं तिला पहिल्यांदा जंगलात नेलं, तेव्हा एकच गोष्ट बजावली होती: झाडाच्या एकाच अंगाची मुळी घ्यायची, मग तीन पावसाळे त्याला हात लावायचा नाही. या झाडाच्या एका बाजूची मुळी तिनंच मागच्या साली काढली होती.

दुपारपर्यंत ती नुसती बसून राहिली. घरी जावं म्हणून दोनदा उठलीही. मग कुदळ उचलली आणि दुसरी बाजू खणली.

या रंगाला घाई चालत नाही. कापड एरंडेलात मळायचं, वाळवायचं, हिरड्याच्या पाण्यातून काढायचं, तुरटी द्यायची, मग मुळीच्या काढ्यात मंद आचेवर ठेवायचं. संध्याकाळी हात धुऊन ती वच्छलाबाईच्या खाटेजवळ जाऊन बसे.

"कितीक राह्यलं?" वच्छलाबाई विचारी.

"होऊन राह्यलं, बाई."

"मुळी कुठून आणली? तिकडं तर काहीच नाही उरलं म्हणते."

"भेटली," इमामबी म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

दहाव्या दिवशी सकाळी निरोप आला. लुगडं काढ्यातून नुकतंच निघालं होतं. ते पिळून, ओलंच छातीशी धरून ती धावली. बायांनी वच्छलाबाईला दुकानातलं हिरवं लुगडं नेसवलं होतं. ओलं कापड कसं घालावं, असं कुणीतरी पुटपुटलं. नारायणरावांनी ते इमामबीच्या हातून घेतलं आणि बायकोच्या अंगावर पायांपर्यंत पसरलं. तिरडीच्या बांबूवरून लाल पाणी ठिबकत राहिलं.

पाऊस सुरू झाला तरी ओढ्याकाठचं झाड फुटलं नाही. श्रावणात इमामबी बघायला गेली. फांदी मोडली, तर आत पार वाळलेली.

तिनं रंगाचा हंडा विकला आणि दिवाळीनंतर जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायच्या कामावर जाऊ लागली. एकदा नारायणराव वाटेत भेटले.

"भाभी, रंग काऊन सोडला?"

इमामबी थांबली. झाडाचं ओठांवर आलं होतं.

"आता नेसते कोन, भाऊ," एवढंच ती म्हणाली, आणि पदर सारखा करून चालू लागली.