शिबंदीची मुदत

शब्दकोशाच्या कचेरीत 'श' अक्षर बाईंच्या वाट्याला आलं होतं. बाई म्हणजे शब्दाचा कीस काढणाऱ्या. एकेका नोंदीवर आठवडा घालवायच्या. 'शिबंदी'पुढे त्यांनी लिहिलं : ठाणं राखायला तिथेच ठेवलेले शिपाई. फारसीत सिह म्हणजे तीन. तीन-तीन महिन्यांच्या पगारावर बांधलेली माणसं, त्यावरून शब्द आला. नमुन्याची पानं छापून झाली आणि पंधरा दिवसांनी एका म्हाताऱ्या शिंप्याचं पोस्टकार्ड आलं. 'तीन महिने हे खोटं आहे. येऊन बघा.'

कचेरीत सगळे हसले. बाई मात्र गेल्या.

नदीवरच्या पुलाजवळ दुमजली घर होतं. खाली शिंपीमास्तरांचं शिलाई मशीन, वर एक लांबलचक खोली. मास्तर ऐंशीच्या पुढचे, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवत. लढाईच्या दिवसांत पूल राखायला वरच्या खोलीत सतरा शिपाई ठेवले होते, असं त्यांनी सांगितलं. त्यांत त्यांचा थोरला भाऊ होता. तीन महिन्यांनी बदली यायची होती. वर्ष उलटलं तरी ती आली नाही. लढाई पुढे सरकली आणि या सतरा जणांचा सगळ्यांनाच विसर पडला. मग तापाची साथ आली. पंधरवड्यात खोली रिकामी झाली.

बोलता बोलता चार वाजले आणि डोक्यावर बूट वाजले.

"पहारा बदलतोय," मास्तर मान वर न करता म्हणाले.

बाई जिना चढून वर गेल्या. फरशीवर बोटभर धूळ होती, तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. त्या दारात उभ्या असतानाच बुटांचा आवाज त्यांच्या अगदी जवळून गेला, भिंतीपाशी थांबला, वळला आणि परत आला. त्या खाली आल्या.

"मास्तर, हे जात का नाहीत?"

"हुकमाशिवाय शिपाई जागा सोडत नाही, ताई. मुदत संपल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही."

पुढचा आठवडाभर बाईंचं कामात लक्ष लागेना. शेवटी त्यांनी कचेरीच्या कागदावर दोन ओळींचा हुकूम टंकला, खाली गोल शिक्का मारला. त्या शिक्क्याने कोशातला एक अनुस्वारसुद्धा कधी हलला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. तरी चारच्या ठोक्याला वरच्या दारात उभं राहून त्यांनी खणखणीत वाचलं, "शिबंदीची मुदत संपली आहे. ठाणं मोकळं करावं."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग जिन्यावर पावलं वाजू लागली. एकामागून एक ती बाईंच्या अंगाला वारा लावून उतरली आणि रस्त्याच्या बाजूला विरली. खाली मास्तर बोटांवर मोजत होते. सोळाला त्यांचं बोट थांबलं.

वर एकच जोड बूट फिरत राहिला.

"दादा," मास्तर म्हणाले.

"परत वाचू का?" बाईंनी खाली येऊन विचारलं.

"नको. मी इथे असेपर्यंत तो हलायचा नाही." थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उतरला. "पण ताई, आता त्याला विसावा कोण देणार? सतरा जणांचा पहारा एकट्यावर पडला."

आपण भलं करायला गेलो आणि भलतंच झालं, हे बाईंना लख्ख कळलं. त्या दर गुरुवारी येऊ लागल्या. वरचा बूट थांबत नसे. दिवसेंदिवस तो पाय ओढत चालतोय असं वाटायचं. मास्तर शिवणं विसरून छताकडे बघत बसायचे. "दमलाय तो," एवढंच म्हणायचे.

पावणेदोन महिन्यांनी मास्तर गेले, झोपेतच. शेजारणीने निरोप पाठवला. सगळं आटोपल्यावर बाई घर बंद करायला गेल्या, तेव्हा चार वाजत आले होते. वर तोच ओढलेला पाय वाजला आणि खोलीच्या मधोमध थांबला. आजवर तो तिथे कधीच थांबला नव्हता. मग दुसरी पावलं सुरू झाली. हलकी, अनवाणी, सवय नसलेल्या माणसाची.

बाई मास्तरांच्या स्टुलावर बसून पाच वाजेपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली शेजारणीकडे दिली.

"रिकामंच आहे ना घर?" शेजारणीने विचारलं.

बाई हो म्हणाल्या.