मीच एकटी पालथी

मी जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा फिरता दगड, बोलतेय. इंग्लंडातल्या ॲशकोम गावची जुनी गढी जमिनीत गडप झाली, तिच्यासोबत मीही शेकडो वर्षं मातीत पालथी पडून होते.

मला घडवलं एमटच्या आजोबांनी. एमटला आईबाप नव्हते. धाकट्या वॉटला तिनेच वाढवलं. सकाळी जव दळताना पेंगणाऱ्या भावाला ती म्हणायची, "ऊठ रे आळशा! तुझ्यापेक्षा हा दगड बरा, निदान फिरतो तरी."

गढीच्या मालकाचा नियम कडक होता. दळण त्याच्याच पाणचक्कीवर न्यायचं आणि त्यातलं पीठ त्याला काढून द्यायचं. घरात जातं ठेवणं गुन्हा. म्हणून ही भावंडं मला गवताखाली लपवत.

एका हिवाळ्यात एमट तापाने अंथरुणाला खिळली. ओढा गोठला, चक्की बंद पडली, घरात पीठ नाही. वॉटने भरदिवसा, दारसुद्धा न लावता, मला फिरवायला घेतलं.

"हळू रे, कारभारी ऐकेल," एमट पुटपुटली.

"ऐकू दे मेल्याला! तू चार घोट पेज पी आधी."

मालकाच्या कारभाऱ्याने ऐकलंच. पेजेपुरतं पीठही पडलं नव्हतं. वॉट माझ्यावर आडवा पडला, त्याने शिव्या दिल्या, मार खाल्ला. तरी कारभाऱ्याच्या माणसांनी मला ओढून नेलं. त्याच आठवड्यात एमट गेली.

तिला पुरून आला आणि वॉटवर वेठीची पाळी आली. मालकाच्या जेवणघरात फरशी घालायची होती. फरशी कसली, गावातून जप्त केलेल्या जात्यांच्या तळ्याच त्या! सपाट बाजू, म्हणजे दळायचं अंग, वर ठेवून बसवायची. माझ्यावर हात पडला तसा वॉट थबकला. एमट ज्या अंगाने दळायची, त्यावर मालकाचे बूट? कुणी बघायच्या आत त्याने खड्डा खोल केला आणि मला पालथी घातली. वरून माती चोपताना त्याला हुंदका आवरेना.

त्याचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. गढी पडली, वर मेंढ्या चरल्या, गाव सगळं विसरलं.

अलीकडेच उत्खनन करणाऱ्या ब्रिजेटने मला उलटलं.

"नॉर्मन, हे बघ. बाकीच्या तळ्या पायांखाली झिजून गुळगुळीत झाल्यात. हिच्या दळायच्या अंगावर टाकीचे, छिन्नीचे घाव अजून ताजे! हीच एकटी पालथी का रे?"

तिचा वरिष्ठ नॉर्मन चहा पीत हसला. "घालणारा गडी प्यालेला असेल, दुसरं काय! लिही, गवंड्याची चूक."

सगळे हसले. तिने लिहून टाकलं.

आता मी संग्रहालयात काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे: 'चुकून पालथी बसवलेली तळी.' लोक वाचतात आणि हसतात.

बाबांनो, माझ्यापुढे थांबलात तर हसू नका. तो प्यालेला नव्हता. त्याची बहीण गेली होती.