यादीबाहेरची इमारत

तपासनीस बाई परदेशातून तिसऱ्यांदा आल्या होत्या. कारखान्याच्या व्यवस्थापकाने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दोघांच्या मध्ये दुभाषी बसली होती.

"त्या उंच भिंतीमागे काय आहे?"

"गोदाम. ते यादीत नाही. यादीतल्या दोन इमारती बघा आणि चालू लागा."

"यादी तुम्हीच केलीत."

"मग काय शेजाऱ्यानं करायची? आमचा अणुतपासणीचा करार या दोन इमारतींपुरता. बाकी कुठल्याच कागदावर आमची सही नाही. जिथं वचनच दिलं नाही, तिथं मोडलं काय?"

दुभाषीने शब्दाला शब्द लावून सगळं सांगितलं. तिचा नवरा त्या 'गोदामात' वेल्डर होता. दोन वर्षं त्याने घरात कामाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. गेल्या महिन्यात मात्र तो म्हणाला होता, "अणुबॉम्बची कवचं जोडतो आम्ही. तू हे ऐकलेलं नाहीस."

दुपारी हात धुताना तिने बाईंना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"मला अंदाज होताच," बाई म्हणाल्या.

"मग लिहा."

"मी मोजलेलंच लिहू शकते. त्या दारापर्यंत जायचा मला अधिकार नाही. आणि तुमचं नाव घातलं, तर तुमच्या घरी कोण येईल?"

"म्हणजे चोरानं दाखवलेल्याच खोलीची झडती घ्यायची. बरी नोकरी आहे."

बाईंचा चेहरा कठोर झाला. "मी आले नाही, तर त्या दोन इमारतींनाही कुणी विचारणार नाही."

संध्याकाळी अहवाल आला. दुभाषीने भाषांतर केलं : 'जाहीर केलेल्या दोन इमारतींत काही वावगं आढळलं नाही.'

व्यवस्थापकाने कागदावर बोट ठेवलं. "वर्तमानपत्रांना द्यायचंय. 'कारखान्यात काही वावगं आढळलं नाही', एवढंच लिहा."

"त्यांनी तसं लिहिलेलं नाही."

"तुमचा नवरा कुठे कामाला आहे, हे मला माहीत आहे."

दुभाषी म्हणाली, "एक शब्दही गाळणार नाही."

त्याने कागद ओढून घेतला, नको ते शब्द स्वतः खोडले आणि तिला फाटकाबाहेर काढलं.

रात्री घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "दोन शब्दांसाठी नोकरी घालवलीस? माझीही घालवायचीय का?"

"तुझी जावी असंच वाटतं."

तो पाठ फिरवून झोपला. सकाळी डबा स्वतः भरून तो कामावर निघाला. ती जागी होती, पण दारापर्यंत गेली नाही.