मागचं डावं दार

"फिल्मच लावायची," मुलगा म्हणाला आणि त्याने पाण्याचा पेला असा आदळला, जणू पेल्यानेच विरोध केला होता.

"कोटिंग," सूनबाई ताटातून मान वर न करता म्हणाली. "गाडी मी धुते. धुणाऱ्याचं ऐकायचं."

तीन आठवडे आमच्या घरात हेच चाललं होतं. गाडी येऊन दोन महिने झाले होते आणि तिच्या रंगाला कशाने जपायचं, यावर दोघांचं एकमत होत नव्हतं. फिल्म म्हणजे रंगावर चिकटवायचा पारदर्शक पापुद्रा. रस्त्यावरचा खडा उडाला तर मार तो खातो, रंग वाचतो. कोटिंग म्हणजे रंगावर चोळायचा द्रव. वाळला की काचेसारखा कडक होतो, धूळपाणी टिकू देत नाही, पण खड्यापुढे हात टेकतो. हे सगळं मला पाठ झालं होतं. मला, जिला गाडीचं दार अजून एका झटक्यात लावता येत नाही! या दोघांचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतका खल झाला नव्हता.

"बाबा, तुम्हीच सांगा," मुलगा म्हणाला. "चाळीस वर्षं गाड्या रंगवल्यात तुम्ही."

"कोटिंग," हे म्हणाले.

मला ठसकाच लागला. जन्मभर हे म्हणत आले होते, "रंगाला रेनकोट कसला घालायचा? नीट मारलेला रंग हाच रेनकोट." आणि आता कोटिंग!

"घ्या! सासरा-सून एक झाले," मुलगा वैतागून म्हणाला.

मी यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. यांनी लोणी न खाल्लेल्या मांजरासारखा चेहरा केला. कारण फक्त मला माहीत होतं.

झालं होतं असं. दीड महिन्यापूर्वी मुलगा-सून आठ दिवस बाहेरगावी गेली आणि गाडी अंगणात राहिली. हे रोज ती पुसायचे. तिसऱ्या दिवशी यांनी फाटक उघडलं, वारा आला, आणि फाटकाची लोखंडी कडी मागच्या डाव्या दारावर घासत गेली. वीतभर ओरखडा. आत पत्रा दिसत होता.

"सांगून टाका," मी म्हटलं. "मुलगाच आहे. फासावर देणार नाही."

"लोकांच्या मोडक्या गाड्या मी नव्या करून दिल्या. आणि मुलाची नवी गाडी खरवडली, हे माझ्या तोंडाने सांगू?"

यांनी जुन्या भागीदाराला फोन केला, त्याच्याकडून कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन आणवली. धूळ बसू नये म्हणून माझ्या दोन चांगल्या चादरी दोरीवर टांगल्या गेल्या. त्या पुन्हा अंथरायच्या लायकीच्या राहिल्या नाहीत, ते वेगळंच. यांनी वर्कशॉप बंद करून सहा वर्षं झाली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याने धड दिसत नाही. पण हातात गन आली आणि माणूस तीस वर्षांनी लहान झाला.

पूर्वी वर्कशॉप घराच्या मागेच होतं. शेवटचा हात मारून झाला की हे खिडकीतून हाक मारायचे, "अगं, नजर टाक!" गॅस बारीक करून, ओले हात पदराला पुसत मी जायची. हात लावायचा नाही. गाडीच्या कडेला उकिडवं बसायचं आणि उजेडात तिरकं बघायचं. रंग जास्त झाला की खाली घसरतो आणि तिथेच वाळतो, त्याला ओघळ म्हणतात. समोरून तो दिसत नाही. मला दिसायचा. गिऱ्हाईक समोर असेल तर मी नुसती हनुवटीने दाखवायची. गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही. या नोकरीचा पगार एक कप चहा, आणि तोही मीच करायचा.

त्या दिवशीही यांनी हाक मारली. मी बसले, गुडघे कटकट वाजले. रंग इतका जुळला होता, की शेजारचं दार कुठे संपतं ते कळेना. आणि अगदी खाली, कडेजवळ, मेणबत्तीवरून उतरावा तसा ओघळ.

"आहे का काही?" मास्क हनुवटीवर ओढून हे उभे होते. असा उजळलेला चेहरा मी किती वर्षांनी पाहत होते!

"काही नाही," मी म्हटलं. त्या कामातलं माझं पहिलं खोटं.

शेवटी एका रविवारी सगळेच फिल्म-कोटिंग करणाऱ्या एका दुकानात गेलो. तिथल्या चष्मेवाल्या मुलीने हातातला छोटा मीटर गाडीला ठिकठिकाणी टेकवायला सुरुवात केली. रंगाची जाडी मोजतात म्हणे त्याने.

"एकशे बारा. एकशे आठ. एकशे दहा." मग ती मागच्या डाव्या दाराशी आली. "दोनशे सत्तर." पुन्हा टेकवला. "हे दार नंतर रंगवलंय."

"काय?" मुलगा उसळला. "म्हणजे शोरूमवाल्यांनी ठोकलेली गाडी गळ्यात मारली! उद्याच जातो. त्या मॅनेजरला सोडत नाही."

हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. मी चिमटा काढला. "बोला."

"थांब गं."

"आता काय मुहूर्त बघताय?"

"पण काम छान आहे हं," ती मुलगी म्हणाली. "असा रंग जुळवलाय, की मीटर नसता तर मला कळलंच नसतं."

यांची मान इंचभर वर गेली. म्हटलं, झालं! आता हे कौतुक गिळून गप्प बसणार आणि तो बिचारा मॅनेजर फुकट मरणार.

"फक्त इथे खाली ओघळ आलाय," ती म्हणाली. "घाईत केलं असेल कुणीतरी."

"ओघळ?" हे ताडकन वळले. "माझ्या हातून ओघळ?"



"तुमच्या हातून?" मुलगा म्हणाला.

"म्हणून कोटिंग का, बाबा?" सूनबाईने कपाळावर हात मारला.

हे गाडीजवळ गेले. चाकाला धरून खाली बसले, बोटाची मागची बाजू दारावरून हळूहळू खाली नेली. कडेपाशी बोट थांबलं.  मुलाने तोंड उघडलं. "आत्ता नको," मी म्हटलं.

ती मुलगी हुशार. तिने कामाचं तेवढं सांगितलं. या दाराला फिल्म नको, पुढे कधी काढायची झाली तर वरचा रंग सोबत निघू शकतो. कोटिंग चालेल, पण आधी ओघळ घासून सपाट करायला हवा. "मी करते, दहा मिनिटांचं काम."

"घासायचा पेपर कितव्या नंबरचा?" यांनी खालूनच विचारलं.

"दोन हजार."

"आधी पंधराशे, तो जरा खरखरीत. रबराच्या तुकड्यावर गुंडाळून. नुसत्या बोटाने घासलंस तर खड्डा पडेल."

तिने एकदा यांच्याकडे पाहिलं, मग पेपर, रबर आणि बसायला स्टूल, तिन्ही पुढे केली.

हे घासू लागले. मुलगा थोडा वेळ हाताची घडी घालून उभा राहिला. मग त्याने पाण्याची फवाऱ्याची बाटली उचलली आणि शेजारी बसला.

"निदान सांगायचं तरी, बाबा."

"फिल्मवरून तू तीन आठवडे डोकं खाल्लंस. ओरखड्यावरून वर्ष खाल्लं असतंस. पाणी कमी मार."

"कळतंय मला."

"काय कळतंय? फिल्म लावायला निघाला होतास."

ओघळ गेला. पेपर बदलून यांनी पुन्हा घासलं, फडक्याने पुसलं आणि हाक मारली, "अगं, नजर टाक."

मी दाराच्या कडेला उकिडवी बसले, तिरकं पाहिलं. दार सलग होतं.

"काही नाही," मी म्हटलं.

हे पेपरची घडी घालत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशीही हेच म्हणालीस."

"दिसला नव्हता."

"हं." घडी खिशात गेली. "मग तुझेही डोळे दाखवायला हवेत एकदा."

यांनी मला उठवायला हात दिला. घासलेल्या रंगाचं पांढरं पाणी बोटांना लागलेलंच होतं. ती चार बोटं माझ्या बाहीवर उमटली. सूनबाई ओला रुमाल घेऊन पुढे आली. मी बाही मागे घेतली. म्हटलं, राहू दे, वाळेल आपोआप.