बगळ्याची मान

धाकट्या मुलाचं, थिओचं, लग्न झालं त्या वर्षीच्या सप्टेंबरात झेली सॅम्सनने बगळ्याची मान अकराव्यांदा पुसली. संगणकाच्या पडद्यावर पेन टेकवलं की हात थरथरे आणि एका दमात उतरायची रेघ करवतीसारखी दातेरी होई. बेटावरच्या पक्ष्यांच्या पुस्तकातलं हे शेवटचं चित्र. बाकीचे चाळीस पक्षी आजाराआधीचे होते.

"दुसऱ्या कुणाकडून काढून घे," शेगडीवरचा फ्रिको, कोंबडी-बटाट्याचा रस्सा, ढवळत नवरा अल्सीद म्हणाला.

"मग पुस्तकावर नावही त्याचंच घाल."

"चित्रं काढायचा चांगला भाड्याचा प्रोग्रॅम होता तो सोडलास. हा फुकटचा घेतलास."

"भाडं थांबलं की माझेच पक्षी मला दाखवत नव्हता तो. याचं पोट उघडं आहे. कुणीही आत बघावं, दुरुस्त करावं."

"तू करणार दुरुस्त?"

"विचारीन की."

प्रोग्रॅम बनवणारे जिथे एकमेकांशी बोलत, तिथे तिने आपल्या हाताबद्दल चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी ओस्कारी नावाच्या माणसाचं उत्तर आलं. फिनलंडमध्ये शाळेत गणित शिकवायचा आणि फावल्या वेळात हे काम करायचा. हाताची हालचाल जशीच्या तशी नोंदवून पाठवा, असं त्याने लिहिलं होतं.

झेलीने औषध घेतलं, मनगट टेबलाला घट्ट टेकवलं, वीस रेघा काढल्या आणि त्यातली उत्तम निवडून पाठवली.

"झेलीबाई, यात काहीच बिघडलेलं नाही," त्याने कळवलं. "मला तुमची सगळ्यांत वाईट रेघ हवी."

चाळीस वर्षं ती बिघडलेले कागद शेगडीत घालत आली होती. अल्सीदनेही ते कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी तिने औषधाची वेळ टळू दिली आणि बगळ्याची मान काढायला पेन उचललं. रेघ पाठवताना पडद्याकडे बघितलं नाही.

नऊ दिवसांनी सुधारलेला प्रोग्रॅम आला. पेन टेकवलं. हात थरथरतच होता. पडद्यावर मात्र मान वळली आणि न अडखळता चोचीपर्यंत गेली. खांद्यापाशी ती किंचित जाड झाली होती. झेलीची रेघ तिथे नेहमीच जाड व्हायची.

अल्सीद डाव हातात धरून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"फ्रिको लागतोय," ती म्हणाली.

"लागू दे."

ओस्कारीची एक विनंती होती. ती वाईट रेघ प्रोग्रॅममध्ये कायमची ठेवू का? जगात कुणीही त्यात काही बदललं, तर आधी त्या हातासारखी रेघ काढून बघायची. ती नीट उतरली नाही, तर तो बदल परत पाठवायचा. नाव काय देऊ, असंही त्याने विचारलं होतं.

झेलीने नाव लिहून पाठवलं: बगळ्याची मान.

झेली सॅम्सन २०१९ च्या फेब्रुवारीत, एकोणीस तारखेला, मंगळवारी सकाळी वारली. त्या दिवशी प्रोग्रॅममध्ये सहा बदल आले. बगळ्याची मान सहा वेळा काढली गेली.