एक चमचा खमीर

मी बरणी बोलतेय. तपकिरी अंग, सुटलेलं पोट, आखूड मान आणि कानाखाली कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा. ओहायोतल्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीत मी बसते. सध्या माझ्यात वाटाण्याचं बी ठेवलंय. पण माझा जन्म या देशातला नाही, आणि बी राखणं हे माझं खरं कामही नव्हे.

इंग्लंडातल्या डर्बीशरमध्ये एका भट्टीत मी भाजले गेले. आम्ही लालबुंद झालो की कुंभार वरून मिठाच्या मुठी टाकायचा. त्या मिठाची चकाकी आमच्या अंगावर चढायची, ती कायमची. बाजाराच्या दिवशी डॉर्कस बॅगशॉ नावाची एक नवी नवरी आली. तिनं ओळीतल्या एकेका बरणीला टिचकी मारून कान लावला. माझ्यापाशी थांबून म्हणाली, "हिचा आवाज खणखणीत आहे. हीच द्या."

घरी नेऊन तिनं माझ्यात खमीर ओतलं. पावाचं विरजणच म्हणा ना! तिच्या आईकडून आलेलं, आणि आईला तिच्या आईकडून. रोज मूठभर पीठ आणि बटाटे उकडलेलं कोमट पाणी मिळालं की ते माझ्या पोटात बुडबुडत वर यायचं. माझ्यासारख्या मातीच्या वस्तूला आत काहीतरी जिवंत हलतंय हे फार बरं वाटतं.

डॉर्कसचा एक नियम होता. खमीर उंबऱ्याबाहेर द्यायचं नाही. ते गेलं की त्याच्या मागोमाग घरची बरकतही जाते, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. शेजारणी खमीर मागायला आल्या तर ती अख्खा पाव द्यायची, पण खमिराचा थेंब नाही.

अशी चाळीस वर्षं गेली. शिशाच्या खाणीत काम करणारा तिचा नवरा वारला. मग खाणीतलं शिसंही संपत आलं आणि तिचा एकुलता एक मुलगा एनॉक अमेरिकेला गेला. दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं. ते त्याच्या बायकोनं, कीझियानं, चुलीपाशी उभं राहून वाचलं. जमीन घेतली आहे, विटांची पावभट्टी बांधली आहे, पण ती अजून पेटवलेली नाही. आईचं खमीर येईल तेव्हाच पेटवीन. आईला घेऊन ये.

"मी नाही यायची," डॉर्कस म्हणाली. "माझी माणसं इथल्या मातीत आहेत."

"मग बरणी कोण सांभाळणार, आई? मी दोनदा सांभाळली आणि दोन्ही वेळा खमीर पार बिघडलं. तुम्हीच म्हणालात, डुकरांनाही नको घालूस."

म्हातारी हसली नाही, पण तिनं माझ्याकडं पाहिलं. चार दिवसांनी ती म्हणाली, "येते. पण ऐकून ठेव. वाटेत हे मेलं तर पुढच्या जहाजानं मी परत फिरणार. परतीचं भाडं माझ्या घागऱ्याच्या काठात शिवलंय."

ती बोलेल तसं करणारी बाई होती. कीझियाला ते माहीत होतं. त्या दिवसापासून तिनं मला स्वतःच्या लेकराइतकं जपलं. एकटीनं जाऊन नवऱ्याला काय तोंड दाखवायचं, हा घोर तिला लागला होता.

लिव्हरपूलच्या बंदरातून आम्ही एका शिडाच्या जहाजावर चढलो. जहाजाच्या पोटात लांबच लांब फळ्यांचे दोन मजले, आणि त्यावर दोनशे माणसं, पेट्या, घोंगड्या, रडणारी मुलं. मला डॉर्कसच्या उशाशी दोरीनं बांधलं होतं. शेजारच्या फळीवर मॅकल्सफिल्डची जेमायमा स्लॅक आणि तिचा म्हातारा बाप एबल. एबलच्या तोंडात एकही दात नव्हता. जहाजावरचं बिस्कीट हातात घेऊन तो फळीवर ठोकायचा आणि म्हणायचा, "दार उघडा हो, मी आलोय!"

स्वयंपाक वर डेकवर, दोनच चुलींवर. पाळीसाठी बायका पहाटेपासून रांग धरायच्या आणि भांडायच्या.

"ओ आजीबाई, तुमचं भांडं उचला! की त्यात अंडं उबवताय?" जेमायमा ओरडायची.

"उबवतेच आहे. निदान त्याला तरी रीतभात शिकवीन," डॉर्कस उत्तर द्यायची.

आठवड्यातून एकदा डॉर्कस झाकणाच्या लोखंडी भांड्यात, वर-खाली निखारे ठेवून पाव भाजायची. तो वास सगळ्या डेकवर पसरला की माणसं बोलायची थांबत. एका दिवशी जेमायमा भांडण विसरून हात पुसत पुढं आली.

"आजी, चमचाभर खमीर द्या ना. बाबांना बिस्कीट चावत नाही. पंधरा दिवस नुसती पेज पितायत ते."

डॉर्कसनं पावाचा अर्धा तुकडा कापून तिच्या हातात ठेवला. "हा घे. खमीर मागू नकोस. आमचं खमीर उंबऱ्याबाहेर जात नाही."

"उंबरा?" जेमायमानं चारी बाजूंच्या पाण्याकडं हात केला. "कुठंय तुमचा उंबरा? मलाही दाखवा!"

डॉर्कसनं तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी सगळे प्रार्थनेला वर गेले होते. जेमायमा एकटीच खाली आली. तिच्या हातात जस्ताचा पेला आणि चमचा होता. तिनं माझं झाकण उचललं, एक चमचा खमीर घेतलं, थांबली, झाकण ठेवलं, आणि माझ्या पोटावरून हात फिरवून म्हणाली, "रागावू नकोस बाई." ही चोरी फक्त मला माहीत होती. पण बरणीला तोंड असून उपयोग काय?

मग वादळ आलं. डोक्यावरच्या झडपा बंद झाल्या, चुली विझल्या. आठ दिवस अंधार, ओकाऱ्या आणि इकडून तिकडं घरंगळणारी भांडी. मी गारठले. आतलं बुडबुडणं मंद होत होत जवळजवळ थांबलं. डॉर्कसनं मला दोरीतून सोडवलं, शालीत गुंडाळलं आणि पोटाशी धरून निजून राहिली. जहाज कलंडलं की आधी मला आवळायची, मग स्वतःला सावरायची. आपल्या वाटणीच्या पिठातली चिमूट ती मला द्यायची. नवव्या दिवशी झडपा उघडल्या. डॉर्कसनं माझं झाकण काढलं आणि कीझियानं श्वास रोखून आत पाहिलं. एक बुडबुडा वर आला. मग दुसरा.

"हाय गं माझी बाय!" म्हणून त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सासू-सुनेला असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सहा आठवडे झाले आणि एका सकाळी खलाशानं बातमी आणली, उद्या किनारा. तपासणीचा डॉक्टर जहाजावर चढणार होता. कुठं घाण दिसली, कुबट वास आला, तर सगळ्यांना इस्पितळाच्या बेटावर अडकवून ठेवतात, असं म्हणत होते. मग काय, जुना पेंढा समुद्रात, फाटक्या घोंगड्या समुद्रात, आणि फळ्या वाळूनं घासायला सुरुवात. बायकांनी डेकवर ओळ लावली. पहिली भांड्यातलं सगळं समुद्रात ओतायची, दुसरी वाळूनं घासायची, शेवटची शिरक्यानं, म्हणजे व्हिनेगरनं, धुवायची. एकीनं सूर धरला की बाकीच्याही गायच्या आणि भांडी हातोहात पुढं सरकायची. असं रांगेतलं काम हातांनाच पाठ होतं, डोळे लागतच नाहीत.

ओतायला डॉर्कस बसली होती. धुवायला कीझिया. फळीखालचं घासायचं म्हणून कुणीतरी मला उशापासून सोडवून वर आणलं आणि भांड्यांच्या ढिगापाशी ठेवलं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "जमीन!"

डॉर्कसनं मान वर केली. धुक्यातून हिरव्या टेकड्या दिसत होत्या, आमच्या डर्बीशरसारख्याच गोल, मऊ. ती त्यांच्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरले. हात मात्र चालूच होते. तिनं एक तवा ओतला. एक किटली ओतली. मग मला उचललं.

मला ओरडावंसं वाटलं. कुठून ओरडणार!

वाळूनं घासून मी कीझियाच्या हाती आले. तिनं मला शिरक्यात बुडवलं, विसळलं, "चला, पुढचं," म्हणाली आणि थांबली. तिचा अंगठा माझ्या कानाखालच्या ठशावर पडला होता.

गाणं बंद पडलं. डॉर्कसनं मागं वळून पाहिलं. रिकाम्या बरणीकडं आणि मग स्वतःच्या हातांकडं.

"मीच ओतलं," ती हळूच म्हणाली. "माझ्याच हातानं."

"आई, चूक माझी. मी लक्ष ठेवायला हवं होतं."

"नाही. देवानं दाखवलंच मला. मी परत जाते, कीझिया. एनॉकला सांग, आई येत होती."

कीझिया खाली बसली आणि माझ्यावर डोकं टेकून रडायला लागली. म्हातारी घागऱ्याचा काठ चाचपत उभी होती.

तेव्हा रांगेतून जेमायमा उठली. लाल चेहऱ्यानं तिनं शालीखाली हात घातला आणि मोज्यात गुंडाळलेला जस्ताचा पेला बाहेर काढला.

"चोरलं होतं मी," ती म्हणाली. "वादळाआधीच्या रविवारी, प्रार्थनेच्या वेळी. चोरीचं होतं म्हणून भांड्यांच्या ओळीत ठेवायची हिंमत झाली नाही. वादळात याला अंगाशी धरून निजले होते. शिव्या द्यायच्या तर द्या, पण आधी हे बघा."

पेल्यात खमीर वर आलं होतं.

डॉर्कसनं पेला घेतला. वास घेतला. करंगळी बुडवून चाखलं. सगळी बायकामंडळी तिच्या तोंडाकडं बघत होती.

"फार आंबट केलंयस," ती म्हणाली. "पीठ वेळेवर घालत नाहीस."

"कुणी शिकवलं असतं तर घातलं असतं!"

"बस इथं. शिकवते."

मागून एबल ओरडला, "जेमायमा, आधी पाव! शिकणं काय, नंतर होईल!" आणि कीझिया रडता रडता हसली.

डॉर्कसनं पेल्यातलं अर्धं माझ्यात ओतलं आणि उरलेलं जेमायमाला परत दिलं. बाजूला उभ्या असलेल्या एका बाईनं चाचरत विचारलं, "मला पण चमचाभर?" डॉर्कसनं क्षणभर समुद्राकडं पाहिलं. मग तिनं तिच्याही वाटीत चमचा रिकामा केला.

डॉक्टर आला, वाकून वाकून पाहिलं, आणि आम्हाला सोडलं. पुढं नदी, कालवा आणि शेवटी एक धक्का. धक्क्यावर एनॉक टोपी हातात घेऊन उभा होता. आईला बघून तो धावतच पुढं आला. डॉर्कसनं तिथंच बसून घागऱ्याच्या काठाची शिवण उसवली. "हे परतीचं भाडं होतं," ती म्हणाली. "सफरचंदाची झाडं घे याची. पाव नुसता काय खायचा?"

ती झाडं आता खिडकीतून दिसतात. डॉर्कस त्यांच्याच पलीकडं, टेकडीवर निजली आहे. मरेपर्यंत तिनं मागेल त्याला खमीर दिलं, आणि मागायला लाजेल त्याच्या दारी स्वतः नेऊन दिलं. या वस्तीत आज ज्या ज्या घरी पाव फुगतो, तो त्या चोरलेल्या चमच्यातूनच.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पोटाला तडा गेला. पातळ काही राहत नाही आता. माझं काम आता एक नवी बरणी करते. पुढच्या आठवड्यात कीझियाची मुलगी नवऱ्याबरोबर गाडी जोडून पश्चिमेकडं निघणार आहे. काल ती मला उचलून म्हणाली, "हिलाही नेऊ का?"

नको, पोरी. मला इथंच राहू दे. वाटाण्याला ऊन आवडतं, आणि मलाही. तू खमीर ने. आणि वाटेत पेला घेऊन कुणी आलं, तर चोरी करायची वेळ त्याच्यावर आणू नकोस. आधीच चमचा पुढं कर.